लोणच्यावरचा तोफगोळा

रविवार उजाडला की शहराच्या टोकाला, पडेगावच्या आमच्या घरासमोर दोन जीपगाड्या येऊन थांबायच्या आणि फेटे बांधलेली माणसं हॉर्न वाजवायची. कुणाची वरात नव्हती. लढाईच्या मैदानावर गंजकी लोखंडं वेचायला निघालेलं इतिहासप्रेमी मंडळ होतं ते, आणि त्यात आमचे हे. पाटबंधारे खात्यात जन्मभर खुर्ची गरम केली, घरातला नळ गळत असला तरी कधी पान्हा हातात धरला नाही, आणि निवृत्त झाल्यावर एकदम इतिहासाचे अभ्यासक झाले. मंडळानं सरचिटणीस केल्यावर तर चालही बदलली. भाजी आणायला निघाले तरी मोहिमेवर निघाल्यासारखे.

मी मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. उन्हात उभं राहायची आणि ओरडायची सवय आहे, म्हणून मीही जायचे कधीकधी. दुसरं कारण असं की ती लढाई झाली होती ह्यांच्याच गावाच्या वावरांत. अजिंठ्याच्या अलीकडं मेन रोड सोडून आत गेलं की आमचं गाव. दोनशे वर्षांपूर्वी मराठे आणि इंग्रज तिथं एकमेकांवर तुटून पडले, आणि संध्याकाळी जे जिवंत होते ते आपापल्या वाटेनं निघून गेले. मागं राहिलेलं सगळं आमच्या वावरांनी पोटात घेतलं. नांगराला अजूनही काहीबाही लागतं. गावाला त्याचं कौतुक नाही. शिशाच्या गोळ्या वितळवून आमच्या सासऱ्यांच्या पिढीनं मासे धरायच्या जाळ्याला वजनं केली, घोड्यांचे नाल दाराच्या चौकटीवर ठोकले, आणि विषय संपवला.

मंडळाला मात्र तलवार पाहिजे होती. गेलाबाजार भाल्याचं टोक. त्यांच्याकडं पीं पीं करणारं एक मशीन होतं. ते ओरडलं की सगळे फेटे गोल करून उभे राहायचे, कुणीतरी मोबाइल धरायचं, आणि अध्यक्ष गुडघ्यावर बसून घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "या मातीत शौर्य झोपलंय." मग उकरायचे. बहुतेक वेळा ट्रॅक्टरचा नटबोल्ट निघायचा. एकदा तर शौर्याच्या जागी गुटख्याची चंदेरी पुडी निघाली, आणि व्हिडिओ पुसावा लागला. मी बांधावर बसून इतकी हसले की आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत. घरात शांतता होती, मला बरंच वाटलं.

खरंखुरं जुनं निघायचं ते त्यांच्या कामाचं नसायचं. तंबूची वाकडी खुंटी. चिलमीचा तुकडा. तांब्याचं बटण. कुठल्यातरी पातेल्याचा जळका काठ. अध्यक्ष ते उचलायचे, बघायचे आणि फेकून द्यायचे. "किरकोळ आहे." एकदा बाभळीखाली मला काचेच्या बांगडीचे तुकडे सापडले, हिरवे, मातीनं आंधळे झालेले. मी म्हटलं, "अहो अध्यक्ष, फौजेबरोबर बायकाही होत्या, हे बघा." त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "वहिनी, रणांगणावर बायकांचं काय काम?" म्हणाले.

घ्या! एवढ्या माणसांच्या भाकरी काय तोफा थापत होत्या? जखमी माणसाच्या तोंडात पाणी कोण घालत होतं, घोडा? पण कुणाच्या तोंडी लागायचं. मी ते तुकडे आणि फेकलेलं सगळं पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात भरून आणत गेले. ह्यांनी त्या डब्याला भंगार म्हणायचं आणि मी ह्यांच्या मंडळाला म्हणायचं, असं आमचं चाललं होतं.

गडबड झाली ती प्रदर्शनापायी. मंडळानं शहरातला एक हॉल घेतला. उद्घाटनाला मोठा पाहुणा येणार, फलक छापून झाले, आणि काचेच्या पेट्यांत ठेवायला काय, तर नटबोल्ट. तेव्हा आमच्या ह्यांना आपल्या गावच्या घरातला गोळा आठवला.

तो गोळा म्हणजे खरा तोफगोळा. भरीव लोखंडाचा, मोठ्या संत्र्याएवढा, एका बाजूला गंजानं खड्डा पडलेला. घरात तो दोन कामांना वापरतात. एरवी लोणच्याच्या बरणीवर, फळीवर दाब म्हणून. आणि घरात बाळ जन्मलं की बारशाला, पाळण्यात.

आपल्याकडं बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात ना, टोपडं-बिपडं चढवून, तसा ह्यांच्या घरात गोळा घालतात. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. लढाईनंतर कुण्या बाईनं वावरातून ओट्यात घालून आणला असेल आणि वरवंटा फुटला असेल, किंवा नसेलच तिच्याकडं. पाळण्यात गेला की गोळा त्या बाळाचा थोरला भाऊ. बाळाची आई त्याला एखादं टाकाऊ नाव ठेवते, धोंड्या, दगड्या, उकिरड्या. बाया हसतात. मग थोरल्याला कडेला सरकवून बाळाला आत ठेवायचं. मतलब असा, की मरण आलंच पाळण्यात डोकवायला तर त्याला आधी थोरला दिसावा, आणि लोखंडाला काय होतंय. बारसं उरकलं की थोरला परत लोणच्यावर. त्या दिवशीचं नाव कुणी पुन्हा काढत नाही. आमचे हे, माझा दीर, झाडून सगळे ह्या गोळ्याचे धाकटे भाऊ. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी तो पिशवीत घालून शहरात आणला होता, आणि मी नवी शिकलेली सून, नाक मुरडून बाजूला उभी होते.

तर आमचे हे गावी गेले आणि भावाच्या घरून तो गोळा घेऊन आले. माझी जाऊ, तिला मी धाकटीच म्हणते, त्या वेळी घरी नव्हती. लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला सोयगावला गेली होती. दीर एकटा. पेटीखाली "सौजन्य" म्हणून आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर गडी असा पाघळला की बरणी स्वतःच्या हातानं उघडी केली. लेक बाळंतपणाला येतेय आणि बाप पाळण्यातला गोळा प्रदर्शनाला देतोय! ही अक्कल फक्त आमच्याच घरातल्या पुरुषांना असते.

लेकीला मुलगी झाली. सुखरूप. आनंदाच्या भरात गोळ्याची आठवण कुणाला झाली नाही. बारसं तोंडावर आलं, धाकटीनं बरणीकडं हात नेला, आणि मग मला फोन.

"अक्का, थोरला कुठाय?"

"काचेत," मी म्हटलं.

"मस्करी नका करू. पोरगी लेकराला पाळण्यात ठिवंना झालीय. मांडीवरनं खाली घ्यायला तयार नाय. थोरला आल्याबिगर पाळण्याला हात लावायचा नाय म्हणती. लई रडाय लागलीय."

मला आधी रागच आला. शिकलेली पोरगी, डी.एड. केलेली, आणि लोखंडाच्या गोळ्यासाठी अडून बसते म्हणजे काय? "दे तिला फोन," म्हटलं. चांगली झाडायची होती तिला.

ती फोनवर आली. मी तोंड उघडायच्या आत हळूच म्हणाली, "मोठीआई, त्याला बी काचेच्या पेटीत ठिवलंय म्हणं."

तिला झाडायचं राहूनच गेलं.

मागच्या खेपेला तिला मुलगा झाला होता. दिवस भरायच्या आधीच आला. शहरातल्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नळ्या लावून. पोरगी काचेला नाक लावून उभी राहायची. धड मांडीवरसुद्धा घ्यायला मिळाला नाही तिला. बारशापर्यंत तो राहिलाच नाही. दवाखान्याच्या कागदावर तो हिचं बाळ एवढाच होता, बारसं नाही म्हणून नाव नाही. गावात लोक त्याच्याविषयी बोलले ते "ते गेलेलं" म्हणून. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिनं मला एकटीला सांगितलं होतं, "मोठीआई, मी त्याला नाव ठिवलं होतं." आणि ते नाव सांगितलं होतं. मी ते कुणाला बोलले नाही, आणि इथंही लिहिणार नाही.

फोन ठेवला आणि तशीच तावातावानं मी हॉलवर गेले.

अध्यक्ष खुर्चीवर उभे राहून पताका सरळ करत होते. मधल्या पेटीत लाल मखमलीवर गोळा बसला होता. त्याला त्यांनी काळा कुळकुळीत ऑइलपेंट मारला होता, वर वॉर्निश. खाली पाटी: आपल्या पराक्रमी तोफखान्याचा शत्रूचा काळ ठरलेला गोळा.

"कशावरून आपला?" मी विचारलं. "इंग्रजांचाही असेल. त्यावर काय गोत्र लिहिलंय?"

"वहिनी, भावना महत्त्वाची."

"मग माझी ऐका. पुतणीच्या मुलीचं बारसं आहे, गोळा पाहिजे. एका दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी आणून देते."

अध्यक्ष खुर्चीवरून खाली उतरले. लहान मुलीला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "उद्घाटन त्याच दिवशी आहे. आणि वहिनी, हा आता कुणा एका घराचा राहिला नाही. समाजाचा वारसा झालाय. तो पाळण्यात घालायचा, लोणच्यावर ठेवायचा, हा त्या वीरांचा अपमान नाही का?"

वीरांचा अपमान! मला हसावं की त्यांच्याच डोक्यात ती पाटी घालावी, कळेना. वीर मेले माझ्या सासरच्या ज्वारीत. गोळा कुणीही उडवला असो, पडला तो आमच्या वावरात, उचलला आमच्या घरातल्या बाईनं, पिढ्यान्‌पिढ्या घासला-पुसला घरातल्याच बायांनी. आणि हे कोण, तर परवाच्या दिवशी रंगाचा डबा घेऊन आलेले वारसदार. एवढं सगळं मी त्यांना तोंडावर बोलले. मैदानावरचा आवाज आहे माझा, पताका लावणारी पोरं काम सोडून बघत राहिली. अध्यक्ष म्हणाले, "भावनेच्या भरात बोलताय." मघाशी भावना महत्त्वाची होती.

घरी आले. आमचे हे चहा पीत भाषणाचा कागद पाठ करत होते. मी सांगायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "अगं, अध्यक्षांचा शब्द आहे. माझ्या हातात काय आहे?"

"हॉलची किल्ली आहे," मी म्हटलं.

"तसं कसं करता येईल? पेटी रिकामी दिसेल. पाहुणे येणार. मंडळाची इज्जत..."

"तुमच्या पुतणीचं काय म्हणणं आहे ते ऐका," म्हटलं, आणि ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी भाषणाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मागच्या खेपेला दवाखान्यातून ते इवलंसं गाठोडं ह्यांनीच हातात घेऊन गावी नेलं होतं. दिराचे हात चालत नव्हते, जावई कोसळला होता. जीपमध्ये पुढच्या सीटवर, मांडीवर घेऊन, अख्खा रस्ता. घरी परत आल्यावर अंघोळ केली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले होते. मी एवढी त्यांची टर उडवते, पण तो दिवस मला ठाऊक आहे.

चहा गार झाला. मग उठले, बाल्कनीपाशी गेले आणि म्हणाले, "हा केवढा आहे गं?"

बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी तिथं एक लोखंडी गोळा लावून ठेवते. गोळाफेकीचा. शाळेनं निरोपाला शाल-श्रीफळ दिलं, ते मी देऊन टाकलं. क्रीडासाहित्याच्या खोलीत भंगारात काढलेला हा गोळा मात्र मागून घेतला होता. माझ्या मुलींनी तो फेकून फेकून जिल्ह्यापर्यंत बक्षिसं आणली होती.

"तेवढाच आहे," मी म्हटलं. "जवळपास."

"रंग कुठं मिळेल?"

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी कामाचं सुचलं, आणि तेही बाईच्या बाल्कनीतून. पण सुचलं. नळाला कधी हात न लावणाऱ्या माणसानं वर्तमानपत्र पसरून, उकिडवं बसून, गोळाफेकीच्या गोळ्याला काळा रंग मारला. गंजाच्या खड्ड्यासाठी छिन्नी मागितली. मी म्हटलं, "राहू द्या, खड्डा मखमलीकडं गेला म्हणून समजतील."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, आम्ही हॉलवर गेलो. दारात पहारेकरी चाचा स्टुलावर बसला होता. त्यानं माझी वजनानं ताणलेली पिशवी बघितली. "क्या है बाई इत्ता वजनी?"

"अचार," मी म्हटलं.

"इत्ता?"

"बारसा है."

"अच्छा, मुबारक," म्हणाला आणि पंखा लावून दिला. ह्यांना पेटीच्या कुलुपात किल्ली घालता येईना, शेवटी ते मीच उघडलं. थोरला पिशवीत, दाराचा गोळा मखमलीवर. जाताना ह्यांनी पाटी सरळ केली. सरचिटणीस शेवटी.

उद्घाटनाला त्यांना जावंच लागलं, आणि तिथलं त्यांनी मला नंतर सांगितलं. पाहुण्यानं पेटीपाशी उभं राहून हात जोडले. अध्यक्षांनी डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाले, या गोळ्याकडं नुसतं बघितलं तरी रणांगणावरच्या किंकाळ्या ऐकू येतात. आमच्या ह्यांना खाली मान घालून खोकत राहावं लागलं. किंकाळ्या कसल्या, त्या गोळ्यानं फक्त आठवीच्या पोरींच्या शिट्ट्या ऐकल्यात. मंडळात एक मायेचा पूत असा निघाला नाही, ज्याला तोफेचा गोळा आणि शाळेचा गोळा ह्यातला फरक कळावा. रविवारी रविवारी मातीत नाक घालून काय बघत होते, कोण जाणे.

मी त्याच दिवशी सकाळच्या एसटीनं गावी पोचले. धाकटीनं पिशवीतून थोरला काढला आणि त्याचा अवतार बघून कपाळावर हात मारला. "आगं बया, ह्याला काळं कुणी फासलं?" मग रॉकेलचा बोळा आणि नारळाची शेंडी घेऊन आम्ही दोघी बसलो, घासघास घासला. हात भरले, शिव्या संपल्या. खालून तो निघाला, खड्ड्यासकट. पोरगी दाराशी बाळाला घेऊन उभी होती. तिनं वाकून त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं, मग हसली. तिला हसताना मी किती तरी दिवसांनी बघत होते.

संध्याकाळी बाया जमल्या. घुगऱ्या शिजल्या होत्या. सोयगावहून बाळाची आत्या आली होती, पाठीत धपाटे खायच्या तयारीनं. धाकटीनं थोरल्याला टोपडं घातलं. ते टोपडं मी ओळखलं. मागच्या खेपेला शिवलेलं, न वापरलेलं. पोरीनं दोन्ही हातांनी गोळा उचलला आणि पाळण्यात ठेवला. दोरी हलली. लाकूड कुरकुरलं.

"नाव ठिव गं थोरल्याचं," एकजण म्हणाली. "धोंड्या ठिव."

"उकिरड्या!" दुसरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

पोरगी वाकली. खड्ड्यापाशी तोंड नेलं, पण कुजबुजली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वच्छ, तिनं नाव घेतलं.

व्हरांड्यातल्या बाकावर ऐकलेलं.

"आगं, येवढं गोड नाव लोखंडाला?" आत्या म्हणाली. "ठिवायचं होतं की एखाद्या लेकराला."

"ठिवलं की," पोरगी म्हणाली.

बाया हसल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. धाकटी हसली नाही, माझ्याकडं बघायला लागली, आणि माझा चेहरा बघून तिला कळलं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून घुगऱ्या बघायला आत निघून गेली. मी नाक मुरडून बाजूला उभी राहणारी बाई. मी पाळण्याची दोरी हातात घेतली, कारण मला कशाला तरी धरायचं होतं. पोरीनं थोरल्याला हलकेच कडेला सरकवलं आणि त्याच्या शेजारी मुलीला निजवलं. मग आत्यानं मुलीचं नाव ठेवलं, धपाटे खाल्ले, सगळं रीतीप्रमाणं झालं.

रीतीत नसलेली गोष्ट पुढं झाली. दरवेळी ते टाकाऊ नाव दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. हे विसरलं नाही. आधी धाकटीच म्हणायला लागली. मग दीर. आता गावी गेले की ऐकते, स्वैपाकघरातून हाक येते, त्या नावानं: अमक्याला जरा उचला, लोणचं काढायचंय. अमक्याला ठिवलं का बरणीवर? ज्या पोराचं नाव कुणी एकदाही घेतलं नव्हतं, त्याचं नाव त्या घरात दोन्ही जेवणांना घेतलं जातं. दाराचा गोळा मंडळाच्या कपाटात मखमलीवर बसलाय, त्याला परत मागायला मला तोंड नाही, आणि माझं बाल्कनीचं दार आपटतं ते आपटतं.

परवा पोरगी माहेरी आली होती. मुलगी आता धरून धरून उभी राहते. बरणीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी गोळा ओढायला लागली. पोरगी तव्यावरची भाकरी उलटत होती, तिथूनच म्हणाली, "नको गं ओढू दादाला. पायावर पडंल."